तांब्यावर काय घडते, तेही छापा

महोदय,
कार्बन डायऑक्साइडपासून इंधन तयार केल्याच्या बातम्या येतात, तेव्हा इंधनाचा आकडा ठळक छापला जातो. धातूच्या पृष्ठभागावर नेमके काय घडले आणि ते कळले कसे, हे मात्र गाळले जाते. माझ्या मते खरे विज्ञान तिथेच आहे.

पाण्यातल्या विद्युतप्रक्रियेत सोने आणि चांदी या वायूपासून मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड देतात. तांबे मात्र त्यापुढे जाऊन मिथेन आणि इथिलीनही बनवते. जपानमधील योशियो होरी यांनी १९८०च्या दशकात हे दाखवून दिले. असे का होते, याचा माग स्पेक्ट्रोस्कोपीने, म्हणजे रेणू कोणता प्रकाश शोषतात वा विखुरतात हे तपासून, काढता येतो. तांब्याला चिकटलेला कार्बन मोनॉक्साइडचा रेणू ठरावीक वारंवारितेने कंप पावतो आणि अवरक्त किरणांनी ती टिपता येते. पण पाणी स्वतःच हे किरण भरपूर शोषते. अशा वेळी रामन वर्णपट, म्हणजे रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशाचा वर्णपट, कामी येतो. त्यात पाण्याचा अडथळा फार कमी असतो, शिवाय खडबडीत तांबे तो क्षीण संकेत कित्येक पटींनी वाढवते. ही मोजणी विद्युतप्रक्रिया चालू असतानाच करावी लागते, कारण तांबे हवेत काढले की त्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि पुरावाच बिघडतो.

कार्बन-१३ची कसोटी तर मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हा जड कार्बन असलेला वायू वापरला की त्यापासून बनलेल्या रेणूंची वारंवारिता खाली सरकते. ती सरकली नाही, तर कार्बन दुसऱ्याच कुठल्या अशुद्धीतून आल्याचा संशय घ्यावा लागतो. अशी बातमी देताना ही चाचणी झाली होती का, एवढे आपल्या प्रतिनिधींनी संशोधकांना जरूर विचारावे.

– एक नियमित वाचक