अण्णा, तो मॉनिटर तिच्याकडे वळवल्याबद्दल

अण्णा, सप्रेम नमस्कार.

"माझं नाव कुठं लिहायचं नाही," असं टेम्पोत साउंडचं सामान भरताना तुम्ही मला बजावलंत. ठीक आहे, नाही लिहीत. पण जाहीर आभार मानू नका असं काही तुम्ही म्हणाला नव्हता. त्यामुळे हे पत्र सगळ्यांनी वाचावं म्हणूनच लिहितेय. फोन केला असता, पण तुम्ही दोन वाक्यांच्या पुढं बोलू देत नाही. "असू द्या की मॅडम" म्हणाल आणि ठेवून द्याल. मला तर पुष्कळ बोलायचंय.

वाचणाऱ्यांना आधी थोडं सांगायला हवं. सोलापुरात कॉलेजची पोरं गातात, वाजवतात, स्वतःच्या चाली बांधतात, हे अजून सोलापूरलाच धड ठाऊक नाही. संगमेश्वर, दयानंद, वालचंद, कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर तासभर बसा, एखादा तरी गिटार घेऊन आलेला दिसेल. विद्यापीठाचा युवा महोत्सव जवळ आला की गच्च्यांवर तालमी सुरू होतात. महोत्सव संपला की बक्षिसं कपाटात जातात आणि या पोरांना पुन्हा वर्षभर कुणी विचारत नाही. मी गात नाही, वाजवत नाही. नोकरी सांभाळून ऐकायला जाते, खुर्च्या मांडायला मदत करते, चार ओळखीच्यांना ओढून आणते. एवढंच माझं काम, आणि ते मला मनापासून आवडतं.

खरं तर हे गाव गाण्याचंच आहे. पेशवाईच्या अखेरच्या काळात ज्यांच्या लावण्या महाराष्ट्रभर गाजल्या ते शाहीर राम जोशी सोलापूरचे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफावर थाप मारून मैदानं जागी करणारे अमर शेख बार्शीचे. सिद्धरामेश्वरांची कन्नड वचनं बाराव्या शतकातली, ती आजही इथं म्हटली जातात. पूर्व भागात मागांच्या खडखडाटात तेलुगू गाणी ऐकत माणसं मोठी झाली. विजापूर वेशीकडं उर्दू आहे, कव्वाली आहे. मिरवणुकीत हलगी आणि लेझीम आहे. चार भाषा एका गावात गातात, असं भाग्य किती शहरांच्या वाट्याला येतं? तरीही पोराचा गळा जरा बरा निघाला की पहिला सल्ला ठरलेला: पुण्याला जा. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुणं गाठून त्याच दिवशी रात्री परतणारी पोरं मी पाहिली आहेत. पाठीवर गिटार आणि डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी. तिकडं कुणी दहा मिनिटं ऐकून घेतं, इथं तेवढंही नाही.

इथं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही साउंडच्या मिक्सरमागं बसून सगळं बघितलंय. मोठ्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर या पोरांची नावं नसतात, "स्थानिक कलाकार" एवढंच असतं. त्यांना गायला लावायचं ते प्रमुख पाहुणे येईपर्यंत. पाहुण्यांची गाडी दारात लागली की गाणं जिथं असेल तिथं बंद. एक मुलगा अभंगाचा अंतरा घेत होता, डोळे मिटलेले होते, आणि सूत्रसंचालकानं त्याच्या हातातला माइक काढून घेतला. डोळे उघडून तो बघतोय तर समोर शाल आणि श्रीफळ चाललेलं. "बाळा, तू नंतर गा." ते नंतर त्या संध्याकाळी आलंच नाही. कुणी दिलगिरीही व्यक्त केली नाही. हे करणारी माणसं भाषणात संस्कृतीवर बोलत होती, याचा मला अजून राग आहे.

आवाजाचं तर विचारूच नका. चांगले माइक बाहेरगावच्या कलाकारांसाठी पिशवीत राखून ठेवायचे आणि आमच्या पोरांना खरखरणारी वायर द्यायची. मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, मागितला तर उत्तर, "दोन गाणी म्हणणार, तुम्हाला कशाला मॉनिटर?" परवाच्या पोरांच्या कार्यक्रमाला तर आगाऊ रक्कम घेऊन बसलेल्या साउंडवाल्यानं दुपारी फोनच बंद करून टाकला. त्याच्याविषयी अधिक लिहीत नाही. त्याचा फोन लागला नाही म्हणून तुमचा लागला.

कहोन, म्हणजे वर बसून हातानं वाजवायची लाकडी पेटी, वाजवणाऱ्या पोराला तुमचा नंबर कसा मिळाला, तुम्ही कुठलं काम अर्धं टाकून आलात, ते राहू दे. तुम्ही आलात. दोन स्पीकर, एक मिक्सर, दोन मॉनिटर आणि वायरींचं एक पोतं. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या त्या भिंती नाहीत, ज्यांनी खिडक्यांची तावदानं थरथरतात. शाळेच्या सभागृहाला पुरेल एवढंच सामान. मिक्सरखाली तुम्ही आधी आपला सोलापुरी टॉवेल पसरलात आणि मगच त्याला हात लावलात. वायरींवर नावांच्या पट्ट्या चिकटवलेल्या. गुंडाळी एक वेढा सरळ, एक उलटा अशी घातलेली, त्यामुळे सोडताना एकही गाठ पडली नाही. पोरं टक लावून बघत होती. आपल्यासाठी कुणी इतक्या निगुतीनं सामान मांडतंय, हे त्यांना नवीन होतं.

हलगीवाल्या पोराचं वाद्य सभागृहाच्या गारव्यात सैल पडलं होतं. कुणी तरी म्हणालं, चालेल तसंच, कुणाला कळतंय. तुम्ही नुसतं कान देऊन ऐकलंत आणि त्याला मागच्या अंगणात धाडलंत. त्यानं जुनी वर्तमानपत्रं पेटवून हलगी शेकली, आणि परत येऊन टिपरी मारली तेव्हा तो कडकडाट ऐकून आमचे हार्मोनियमवाले सरसुद्धा मान डोलवायला लागले. दिव्यांची आणि साउंडची लाइन वेगळी करून तुम्ही ती घूंऽऽ अशी घरघर कशी घालवली, ते मला नीट सांगता यायचं नाही. पण मला लिहायचंय ते पुढचंच.

ती मुलगी. नाव तिचंही नको. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आई विड्या वळते, घरात तेलुगू, शाळा मराठी. आवाज खालच्या पट्टीतला, मंद्रात भरदार, पण मोठा नाही. आजवर प्रत्येक मांडवात तिला एकच सूचना मिळाली आहे: जोरात गा. तबला आणि बाकीची वाद्यं कानावर आदळत असताना स्वतःचा आवाज ऐकू आला नाही तर कुणीही गळा ताणणारच. गळा ताणला की सूर हलतो. मग तेच लोक म्हणायचे, पोरगी गुणी आहे पण सुरात नाही. एकदा-दोनदा नव्हे, हे ती सतत ऐकत आली. तिनं ते खरंही मानलं होतं. यंदा महोत्सवात नाव द्यायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

तिची साउंड टेस्ट चालू होती. एक ओळ तिनं म्हटली आणि तुम्ही हात वर करून तबला थांबवलात. मला वाटलं, आता हेही जोरात गा म्हणणार. तुम्ही मिक्सर सोडून उठलात, स्टेजवर गेलात, तिच्यासमोर उकिडवे बसलात आणि विचारलंत, "विनिपिस्तुंदा अम्मा? तुझं तुला ऐकू येतंय का?"

तिनं मान हलवली. येतंय म्हणाली. मोठ्या माणसानं विचारल्यावर आपली पोरं दुसरं काय म्हणणार?

तुम्ही ते मानलं नाहीत. "घाबरून हो म्हणू नको. खरं सांग." आणि तिनं हळूच नाही म्हटलं.

मग तुम्ही तो मॉनिटर स्वतःच्या हातानं उचललात, तिच्या माइकच्या पाठीमागं आणलात आणि तोंड तिच्याकडे वळवलंत. कहोनवाल्याला जाता जाता सांगितलंत, की या माइकला पाठीमागचं ऐकू येत नाही, म्हणून मॉनिटर तिथंच ठेवायचा, म्हणजे शिट्टी मारत नाही. तबल्याचा आवाज त्या मॉनिटरमधून काढून टाकलात. माइक तिच्या ओठांपासून चार बोटांवर आणलात. बाहेर लोक यायला लागले होते, मी घड्याळ बघत होते, दारातून आमचा एक जण "आवरा, आवरा" अशा खुणा करत होता. तुम्ही त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. तिला म्हणालात, "घाई नाही बाळ. ऐकू आलं की सांग, तवर मी हितंच हाय."

तिनं पुन्हा तीच ओळ घेतली. ओळ अर्ध्यावर असतानाच तिचा चेहरा बदलला. खांदे खाली आले. गळ्यावरचा ताण गेला आणि आवाज आपोआप आपल्या जागी बसला, सुरात, अगदी सुरात. ओळ संपल्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, माझा आवाज असा आहे होय?"

अण्णा, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. वीस वर्षांची मुलगी, लहानपणापासून गाणारी. आणि माइकवरचा स्वतःचा आवाज तिनं नीट ऐकला तो त्या दिवशी. इतक्या मांडवांत, इतक्या व्यासपीठांवर हा साधा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता. सत्कार करणारे भेटले, प्रोत्साहनपर चार शब्द बोलणारे भेटले, प्रमाणपत्र देणारेही भेटले. तुला ऐकू येतंय का, हे विचारणारे तुम्ही पहिले.

कार्यक्रम कसा झाला ते तुम्ही ऐकलंच. तिनं आधी अभंग म्हटला आणि मग आईचं तेलुगू गाणं. ज्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं तेही हलले नाहीत. तिची आई तिसऱ्या रांगेच्या कडेला बसली होती, पदर तोंडाशी धरून. वचन झालं, गझल झाली, इंजिनीअरिंगच्या पोरांनी हलगी आणि गिटार एकत्र वाजवून सभागृह डोक्यावर घेतलं. पण माझ्यासाठी कार्यक्रम त्या आधीच, रिकाम्या खुर्च्यांसमोर झाला होता.

तेव्हापासून मला अशी माणसं जास्त दिसायला लागली आहेत. सभागृहाची किल्ली देऊन "निवांत होऊ द्या, मी थांबतो" म्हणणारे शाळेचे शिपाईमामा. पोरांच्या तालमीला आपली गच्ची देणाऱ्या आणि वर ताक पाठवणाऱ्या होटगी रोडच्या आजी. चहाचे पैसे घेताना दोन कप मुद्दाम विसरणारा टपरीवाला. यांची नावं कुठल्या फलकावर लागत नाहीत, कुणी त्यांना व्यासपीठावर बोलावत नाही. गावातली गाणी मात्र यांच्याच जिवावर चालू आहेत. मोठ्या देणग्यांची मला किंमत नाही असं नाही. पण समोरच्याला काय अडचण आहे हे थांबून विचारणारा माणूस मला फार मोठा वाटतो, आणि असा माणूस आमच्या गावात आहे याचा अभिमान वाटतो.

एका गोष्टीवरून मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे. तुम्ही टेम्पोचं डिझेल आणि दोन पोरांची हजेरी एवढंच घेतलंत. "पोरांचा कार्यक्रम हाय, त्यात काय घ्यायचं." हे बरोबर नाही, अण्णा. गाणाऱ्याला मानधन मिळालं पाहिजे म्हणून आम्ही भांडतो, मग ऐकवणाऱ्यानं फुकट का यावं? तुमच्या घरीही चूल आहे. पोरांनी आपसांत वर्गणी काढली आहे आणि पुढच्या बैठकीच्या हिशोबाच्या वहीत पहिल्या ओळीला "साउंड" लिहून टाकलंय. ती रक्कम कार्यक्रमाआधी तुमच्या हातात पडेल. परत करू नका, पोरं दुखावतील.

आणि त्या मुलीनं महोत्सवासाठी नाव दिलंय. तालमीला एकदा येऊन माइक कसा धरायचा ते दाखवाल का, असं तिनं विचारायला सांगितलंय. स्वतः विचारायला लाजते. रविवार सोडून कुठलाही दिवस चालेल, रविवारी ती आईला विड्यांना मदत करते. पत्रिकेवर तुमचं नाव छापायचं, असाही सगळ्यांचा हट्ट आहे. तिथं तरी नाही म्हणू नका. काय ते कळवा.

तुमची,
सोलापूरच्या पोरांची एक श्रोती