हातावरचा नंबर पुसायच्या आत: वाटेवरच्या निर्वासित मुलांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

२०२२ च्या मार्चमध्ये युक्रेनमधल्या आया मुलांना आगगाडीत बसवताना त्यांच्या हातावर पेनाने नातेवाइकांचा फोन नंबर लिहून देत होत्या. पेनाची शाई घामाने जाते, पावसाने जाते. नंबर गेला की सीमेवर उभं असलेलं ते मूल कुणाचं, हे सांगणारं कुणी उरत नाही.

जंगलातून पायी किंवा ट्रकमध्ये लपून निघालेल्या मुलांची गत याहून वाईट. बळजबरीने घर सोडावं लागलेल्या दर दहा माणसांत साधारण चार जण १८ वर्षांखालचे असतात. कोलंबिया आणि पनामाच्या मधलं दारिएनचं जंगल, जिथे रस्ताच नाही, ते २०२३ साली पाच लाखांहून अधिक लोकांनी ओलांडलं. त्यांत एक लाखावर मुलं होती. युरोपच्या आग्नेयेकडच्या बाल्कन देशांतून जाणारी वाट मार्च २०१६ मध्ये बंद केली, तरी लोक यायचे थांबले नाहीत. कुंपण घातलं की वाट लांबते आणि दलालाचा भाव वाढतो. त्याच वाटेवरून निघालेल्या ७१ जणांचे मृतदेह ऑगस्ट २०१५ मध्ये ऑस्ट्रियात महामार्गाच्या कडेला, एका बंद ट्रकमध्ये सापडले होते. चार मुलांचे होते.

पोचलेली मुलंही सुटली असं नाही. किमान १०,००० एकटी मुलं युरोपात नोंद झाल्यावर बेपत्ता आहेत, असं युरोपोल या युरोपीय संघाच्या पोलीस संस्थेने जानेवारी २०१६ मध्ये सांगितलं. काही नातेवाइकांकडे गेली असतील, काही तस्करांच्या हाती लागली असतील. त्यांच्यासाठी जबाबदार असं माणूसच नेमलेलं नसेल, तर शोधणार कोण?

म्हणून एक विनंती: जुने कपडे आणि ब्लँकेटं आमच्या मंडळाकडे आणू नका. तुमची माया कळते, पण एकट्या मुलाला आधी लागतं ते माणूस. त्याची भाषा बोलणारा दुभाषा, घरी फोन लावून देणारी कार्यकर्ती, त्याच्या वतीने सही करणारा कायदेशीर पालक. नाव लिहून घेताना एक अक्षर चुकलं तरी शोध अडतो, इतकं हे काम नाजूक आहे. युनिसेफ आणि यूएनएचसीआर (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था) यांनी युरोपातल्या वाटांवर ‘ब्लू डॉट’ केंद्रं उघडली ती याचसाठी. निर्वासित मुलाचं संरक्षण आणि त्याच्या घरच्यांचा शोध हे सरकारांचं कर्तव्य आहे, असं १९८९ च्या बालहक्क कराराचं कलम २२ सांगतं. पण कलम स्वतः उठून फोन लावत नाही. त्याला माणसं लागतात आणि माणसांना पगार.

देणगी थेट यूएनएचसीआरच्या अधिकृत संकेतस्थळावर भरा आणि पावती तिथूनच घ्या. रक्कम लहान असली तरी चालेल. दर महिन्याला ठरावीक दिलीत तर फार बरं, कारण दुभाषा एका दिवसापुरता ठेवून भागत नाही. आमच्या मंडळाच्या नावाने कुणी रोख मागितली तर देऊ नका.

तुम्हाला अरबी, फारसी, पश्तो, स्पॅनिश किंवा फ्रेंच येत असेल, तर मंडळाकडे नाव नोंदवा. मुलांना स्वतः वाचता येतील अशी एका पानाची माहितीपत्रकं आम्ही तयार करतो आहोत, आणि सध्या पश्तोसाठी आमच्याकडे कुणीच नाही.