मामा वाचले, आता पुढचे दिवस

प्रिय आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई सारखं एकच विचारत होती. डॉक्टर म्हणाले जिवावरचं टळलं, मग भाऊ ओळख का देत नाही? ताप का चढतोय? घशाला भोक कशाला पाडतायत? मामी शेजारी असताना मला सगळं मोकळेपणाने बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले. बाबा, आधी तुम्ही वाचा, मग आईला वाचून दाखवा. मामींना किती सांगायचं ते तुमच्यावर सोडते.

मामांच्या मेंदूच्या डाव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली. रात्री झोपताना बरे होते आणि पहाटे उठले ते उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. त्यामुळे लकवा नेमका कधी मारला ते कोणालाच सांगता आलं नाही. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देतात. काही निवडक पेशंटमध्ये मांडीतून तार घालून 24 तासांपर्यंत गुठळी काढता येते, पण त्यासाठी वाचवण्याजोगा मेंदू शिल्लक असावा लागतो. मामांच्या स्कॅनमध्ये बराच भाग आधीच गेलेला दिसला. मिरजेला न्यायला तुम्ही अजिबात उशीर केला नाहीत. मामी स्वतःला दोष देत असतील तर हे त्यांना ठणकावून सांगा.

असा मोठा झटका आला की मेलेला भाग पाणी धरतो आणि सुजतो. ही सूज दुसऱ्या ते पाचव्या दिवसात सगळ्यात जास्त असते. गच्च झाकणाच्या डब्यात हरभरे भिजत घातले तर ते फुगून जातील कुठे? कवटीत तेच होतं, आणि चांगला मेंदूही दाबला जातो. म्हणून त्यांच्या कवटीचं हाड काढलं. आई, पोटावरचे टाके बघून तू घाबरलीस ना? ते हाड पोटाच्या कातडीखाली जपून ठेवलंय. सूज पूर्ण ओसरली की काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परत बसवतील. तोवर डोक्याच्या त्या बाजूवर दाब पडू द्यायचा नाही, कूस वळवतानाही नाही.

या ऑपरेशनबद्दल बाबांनी विचारलं होतं, "केलं ते बरं केलं ना?" हो, बरं केलं. युरोपातल्या तीन अभ्यासांचे आकडे 2007 साली एकत्र करून छापले होते. त्यात 60 वर्षांपर्यंतचे, पहिल्या 48 तासांत ऑपरेशन झालेले पेशंट होते. ऑपरेशन न केलेल्यांपैकी वर्षभराने शंभरात 29 हयात होते, केलेल्यांपैकी 78. केवढा फरक! पण त्याच कागदावरचा दुसरा आकडाही तुम्हाला माहीत हवा. थोडीफार मदत लागली तरी आपल्या पायांनी चालू शकतील इतपत बरे झालेले ऑपरेशनवाल्या शंभरात 43 होते. म्हणजे जे वाचले त्यातल्या बऱ्याच जणांना उठायला, चालायला, अंघोळीला दुसऱ्याचा हात लागत होता. मामा 58 चे आहेत, तब्येत चांगली होती, त्यामुळे मला आशा आहे. पण "महिनाभरात पूर्वीसारखे होतील" असं कोणी पाहुणा म्हणाला तर मान डोलवू नका. मामी त्या एका वाक्यावर उभ्या राहतील आणि महिन्याने कोसळतील.

आता तापाचं. आमच्या आयसीयूत मी रोज बघते, मेंदूचा झटका मोठा असला तरी पहिल्या आठवड्यानंतर माणूस बऱ्याचदा त्या झटक्याने जात नाही, त्याच्या मागून येणाऱ्या गोष्टींनी जातो. त्यात पहिला नंबर न्यूमोनियाचा.

आई, तू म्हणालीस, ओठ कोरडे पडलेत, चमचाभर चहा द्यावासा वाटतो. तुझा जीव तुटतो ते मला कळतं. पण देऊ नकोस. तीर्थसुद्धा नको, नारळपाणी नको. आपण गिळतो तेव्हा श्वासनलिकेवर झाकण पडतं आणि घास अन्ननलिकेत जातो. हे सगळं मेंदू चालवतो. तोच दुखावला की झाकण वेळेवर पडत नाही आणि चहा फुप्फुसात उतरतो. आपल्याला ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं. अशा पेशंटला कित्येकदा ठसकाही लागत नाही. शांत पडून असतो, घरच्यांना वाटतं छान प्यायला, आणि दोन दिवसांनी ताप, घरघर, ऑक्सिजन खाली.

पेशंट शुद्धीवर आला की आम्ही त्याला सरळ बसवतो, तोंड स्वच्छ करतो, एक छोटा चमचा पाणी जिभेवर देतो आणि कंठाकडे बघत राहतो. कंठ वर उचलला जातो का, किती वेळाने, मग त्याला "आ" म्हणायला लावतो. आवाज ओला, गुळण्या करताना येतो तसा आला, की तिथेच थांबायचं. तो आवाज मी आता पडद्यापलीकडूनही ओळखते. मामांची ही परीक्षा झाल्याशिवाय तोंडातून काहीही नाही. नाकातल्या नळीतून त्यांना पेज, प्रोटीन, औषधं सगळं मिळतंय, ते उपाशी नाहीत. ओठांना ओला कापूस फिरव, तूप लाव. आणि तोंडाची सफाई होते का ते मात्र डोळ्यांत तेल घालून बघ, कारण तोंडात घाण साचली की लाळेबरोबर तीच खाली उतरते.

मला माझ्या कामाचा अभिमान वाटतो त्यामागे एक अभ्यास आहे. ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समधल्या 19 स्ट्रोक युनिटांत, म्हणजे लकव्याच्या खास वॉर्डांत, सिस्टर लोकांनी तीनच गोष्टी काटेकोर सांभाळल्या: ताप, साखर आणि गिळणं. 2011 साली निकाल छापून आला. एरवीच्या पद्धतीने सांभाळलेल्यांपैकी 58 टक्के पेशंट तीन महिन्यांनी एकतर गेलेले किंवा परावलंबी होते, या पद्धतीने सांभाळलेल्यांपैकी 42 टक्के. कुठलं महागडं औषध नाही, मशीन नाही. म्हणून तिथली सिस्टर रात्री दोनला साखर तपासायला बोट टोचते तेव्हा मामी चिडतात, त्यांना सांगा की टोचू द्या.

घशाच्या भोकाला घाबरू नका. तोंडातली नळी फार दिवस ठेवली की आतून जखमा होतात, आणि कफ नीट ओढून काढता येत नाही. गळ्यातल्या नळीने मामांना त्रास कमी होईल, झोपेचं औषध कमी लागेल, जाग किती आली हेही नीट कळेल. श्वास आणि खोकला सुधारला की नळी काढतात आणि भोक बहुतेक वेळा आपोआप बुजतं.

पायांना ते फुगणारे पट्टे लावलेत, ते "गरम होतंय" म्हणून काढायचे नाहीत. पाय हलत नसला की पोटरीत रक्त गोठतं, आणि ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर क्षणात खेळ खलास. पाठीचंही तसंच. दर दोन तासांनी कूस बदलायची. माकडहाड आणि टाचा रोज उघडून बघायच्या. लाल डाग दिसला आणि बोटाने दाबूनही पांढरा पडला नाही, तर ती जखमेची सुरुवात समजायची आणि लगेच सिस्टरला दाखवायचं. चोळायचं मात्र नाही, तेल लावूनही नाही.

बाबा, तुम्हाला त्यांची मांडी एवढी सुकलेली बघून धक्का बसला, तो कोणालाही बसेल. लंडनमध्ये आयसीयूतल्या पेशंटच्या मांडीचा स्नायू मोजून बघितला होता, पहिल्या दहा दिवसांतच तो साधारण 18 टक्के घटला होता. लकवा नसलेल्या बाजूचीही ताकद जाते. म्हणून फिजिओथेरपीवाले आले की "आज राहू दे, दमलेत" असं म्हणू नका. शक्य असेल तर त्यांच्याकडून शिकून घ्या, घरी आपल्यालाच करायचंय.

हात बांधलेले बघून आई रडली. मामा रात्री नळी उपसतात म्हणून बांधलेत. आयसीयूत दिवस-रात्र सारखीच, झोप मोडलेली, अंगात ताप, त्यामुळे भ्रम होतो. मनगटाची कातडी बघत जा, आणि तुमच्यापैकी कोणी शेजारी असाल तेवढा वेळ हात सोडायला सांगा. त्यांचा चष्मा नेऊन द्या. आई, तू त्यांच्याशी बोल, पण एका वेळी एकच गोष्ट, छोटं वाक्य, डाव्या बाजूला उभी राहून. त्यांना शब्द सापडणार नाहीत, तू सगळं बोललेलं कळणारही नाही कदाचित, पण तुझा आवाज ते ओळखतील. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल रडून बोलायचं मात्र टाळा. आणि पुढे घरी आल्यावर ते गप्प गप्प झाले, जेवण सोडलं, तर "स्वभाव बदलला" म्हणून सोडून देऊ नका. लकव्यानंतर तीनपैकी एकाला नैराश्य येतं, त्यावर औषध आहे.

आता मला जे खरं बोलायचंय ते.

मामांच्या वेळी कवटी उघडायची का हे मामींना तासाभरात ठरवायला लावलं. त्यांनी सही केली, हात थरथरत होता. मामांना काय हवं असतं, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. तुमच्या बाबतीत मला तसं नकोय.

बाबा, तुम्ही 72 चे आहात, आई 67 ची. साठी उलटलेल्यांवर हेच ऑपरेशन करून बघितलेला जर्मनीतला अभ्यास 2014 साली आला. सहा महिन्यांत ऑपरेशनवाल्यांपैकी 33 टक्के गेले, बाकीच्यांपैकी 70 टक्के. म्हणजे जीव वाचतोच. पण वाचलेल्यांपैकी एकही जण पूर्वीसारखा स्वतंत्र झाला नाही. बहुतेकांना कायम कोणाच्या तरी आधाराने जगावं लागलं. कोणी म्हणेल, चालेल, नातवंडं दिसतील, मला जगायचंय. कोणी म्हणेल, मला तसं नको. दोन्ही बरोबर आहे. मला फक्त तुमचं उत्तर तुमच्या तोंडून ऐकायचंय. दादाने आणि मी आयसीयूच्या दारात उभं राहून अंदाज करायचा, आणि मग आयुष्यभर एकमेकांकडे बघायचं, हे आम्हाला झेपणार नाही.

असं उत्तर आधीच लिहून ठेवता येतं, त्याला लिव्हिंग विल म्हणतात, आणि कायद्याने हे आता अवघड राहिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली असं इच्छापत्र मान्य केलं आणि 2023 च्या जानेवारीत त्यातली किचकट अट काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागत नाही. गोव्यात तर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सोनक यांनीच 2024 मध्ये सगळ्यात आधी स्वतःचं नोंदवलं. आपल्या वतीने कोण बोलेल त्यांची नावं त्यात घालता येतात. हे लिहिलं म्हणून उपचार नाकारले जात नाहीत. बरं होण्याची आशा उरली नाही, तेव्हाच तो कागद बाहेर निघतो, आणि डॉक्टरांची दोन मंडळं तपासून मगच पुढे जातं. मन बदललं तर तो बदलताही येतो.

आई, "अभद्र बोलू नकोस" म्हणशील. म्हण. पण बीपीची गोळी "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करणं हे त्यापेक्षा कितीतरी अभद्र आहे. ती रोज घे. बाबांची नाडी मागे अनियमित लागली होती, तो ईसीजी अजून राहिलाय, तो या आठवड्यात करून घ्या. आणि दोघांपैकी कोणाचं तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोबडं बोलणं सुरू झालं, तर ओळखीच्या डॉक्टरांची वाट न बघता 108 ला फोन.

मी पुढच्या आठवड्यात सुट्टी टाकून येतेय. रात्री दवाखान्यात मी थांबेन, मामी घरी झोपतील. दिवसा तुम्ही दोघं माझ्याजवळ बसा. तुमचं उत्तर एकच असायला हवं असं काही नाही. बाबांचं वेगळं लिहू, आईचं वेगळं. दादालाही त्या दिवशी यायला सांगितलंय.

तुमची,
लेक