निवाडा नंतर, बिल आधी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये लवाद कायद्यातील (म्हणजे न्यायालयाऐवजी तटस्थ तिसऱ्याकडून वाद सोडवण्याच्या कायद्यातील) दुरुस्तीचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला केला. तेव्हापासून तातडीचा लवाद, संस्थात्मक लवाद, न्यायालयाने निवाड्यात, म्हणजे लवादाच्या निर्णयात, किती हात घालावा या प्रश्नांवर बरेच लिहून येत आहे. विषय महत्त्वाचे आहेतच. पण ज्याचे आयुष्य बांधकामाची बिले बनवण्यात गेले, त्याला या चर्चेत त्याचा प्रश्न कुठे सापडत नाही. तो प्रश्न साधा आहे: या महिन्याच्या कामाचे पैसे अडले, तर ते सोडवायला कुठे जायचे?

बांधकामातला वाद सहसा एका दिवसात पेटत नाही, तो बिलागणिक साचतो. मोजमाप वहीत नोंद होते, रनिंग बिल (चालू कामाचे बिल) वर जाते आणि एखादी एक्स्ट्रा आयटम (मूळ करारात नसलेले जादा काम) ‘मंजुरी प्रलंबित’ म्हणून बाजूला काढली जाते. जागा उशिरा ताब्यात आली, नकाशे उशिरा आले, तरी मुदतवाढीची फाइल निकाली निघेपर्यंत दंडाची रक्कम ‘तात्पुरती’ रोखली जाते. सुरक्षा ठेव, म्हणजे अनामत, तर प्रत्येक बिलातून कापली जातेच. कंत्राटदार उपकंत्राटदाराला सांगतो, ‘वरून आले की देतो.’ हे नुसते तोंडी आश्वासन राहिलेले नाही. ‘मला मिळाले तरच तुला’ असे कलम करारातच छापलेले असते. शेवटच्या बिलाच्या वेळी ‘पूर्ण व अंतिम, आता कोणताही दावा शिल्लक नाही’ या ओळीखाली सही मागतात. महिनोन्महिने पैसे थकलेला माणूस ती सही करतो, कारण समोर चेक असतो.

अशी सही केली म्हणून लवादाचे दार आपोआप बंद होत नाही, तडजोड खरी होती की दबावाखालची हे लवादाने तपासावे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये एका विमा प्रकरणात स्पष्ट केले. कंत्राटदारांच्या बाजूने झालेले हे एकमेव पाऊल नव्हे. लवाद मागण्यापूर्वी दाव्याच्या १० टक्के रक्कम भरा, अशी पंजाबातील एका निविदेतली अट न्यायालयाने २०१९ मध्ये मनमानी ठरवली. उत्तराखंडच्या एका प्रकरणात ७ टक्क्यांची तशीच अट २०२३ मध्ये टिकली नाही. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रेल्वे विद्युतीकरणाच्या प्रकरणात सांगितले की, सरकारी उपक्रमाने आपणच निवडलेल्या नावांच्या यादीतूनच लवाद नेमा, असा आग्रह कंत्राटदाराकडे धरता येणार नाही. ज्याने पैसे अडवले त्याच्याच माजी अधिकाऱ्यापुढे दावा मांडण्याची वेळ ज्यांच्यावर आली, त्यांना या निकालाचे मोल सांगायला नको.

हे सारे निकाल मात्र लवादाच्या खुर्चीत कोण बसावे आणि तिथवर कसे पोहोचावे याबद्दलचे आहेत. खुर्चीतून निवाडा बाहेर पडला की खरी परीक्षा सुरू होते. आधी लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली न्यायालयात आव्हान, मग कलम ३७ खाली अपील, मग सर्वोच्च न्यायालय. पूर्वी आव्हान दाखल केले की अंमलबजावणी आपोआप थांबत असे. २०१५ च्या दुरुस्तीने हे आपोआप थांबणे बंद केले. ती जुनी सवलत मागच्या दाराने परत आणणारे २०१९ चे कलम ८७ सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केले. तरीही अंतिम म्हणजे किती अंतिम, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. दिल्ली विमानतळ मेट्रोचा करार संपवण्याची नोटीस २०१२ मध्ये निघाली, निवाडा २०१७ मध्ये झाला, सर्वोच्च न्यायालयाने तो २०२१ मध्ये कायम केला आणि एप्रिल २०२४ मध्ये क्युरेटिव्ह याचिकेवर (अंतिम निकालातली चूक सुधारण्यासाठीच्या शेवटच्या याचिकेवर) तो रद्दही केला. तो सवलत करार (खासगी कंपनीने प्रकल्प चालवण्याचा ‘कन्सेशन’ करार) होता, साधे बांधकामाचे कंत्राट नव्हते. निकाल बरोबर की चूक हा वकिलांचा वाद. पण करार संपल्यापासून शेवटचा शब्द येईपर्यंत अकरा वर्षांहून अधिक काळ गेला. अकरा वर्षे दम धरू शकेल असा मध्यम कंत्राटदार मला ठाऊक नाही. न्यायालयाला निवाड्यात मर्यादित बदल करता येतो, हे ३० एप्रिल २०२५ च्या बहुमताच्या निकालाने मान्य केले. त्यामुळे काही प्रकरणे पुन्हा पहिल्या पायरीवर जाण्यापासून वाचतील हे खरे. पण आव्हान देणाऱ्याला ‘निदान आकडा तरी कमी करा’ असे म्हणायला एक नवे निमित्तही मिळाले आहे.

आता व्याजाकडे वळतो. माझ्या मते साऱ्या दुखण्याचे मूळ इथे आहे. लवाद कायद्याचे कलम ३१(७) लवादाला निवाड्यापर्यंतच्या काळाचे व्याज देण्याचा अधिकार देते, पण ‘पक्षांनी वेगळे ठरवले नसेल तर’. म्हणून अनेक सरकारी कंत्राटांत ‘अडकलेल्या रकमेवर, अनामतीवर कोणतेही व्याज देय नाही’ असे कलम असते, आणि सर्वोच्च न्यायालयाने ‘भेल’ (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) या सरकारी कंपनीविरुद्धच्या २०२१ च्या प्रकरणासह अनेकदा असे कलम बंधनकारक मानले आहे. कायद्याच्या अक्षरानुसार ते बरोबर असेल. व्यवहारात त्याचा अर्थ असा की, निवाडा होईपर्यंत उशीर करणाऱ्याला उशिराची किंमत शून्य, आणि वाट पाहणारा बँकेच्या कॅश क्रेडिटवर (खेळत्या भांडवलाच्या कर्जावर) व्याज भरत राहतो. बिल अडवणारा अधिकारी वाईट असतो असे मी म्हणत नाही. सही केली तर लेखापरीक्षणाचा आक्षेप येऊ शकतो, सही न केली तर त्याला कोणी काही विचारत नाही. त्याच्या जागी मी असतो, तर मीही फाइल लवादाकडेच जाऊ दिली असती.

याच पार्श्वभूमीवर अर्थ मंत्रालयाची ३ जून २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वे वाचावीत. सरकारी खरेदीच्या आणि कामांच्या करारांत लवादाचे कलम सरसकट घालू नका, घातलेच तर सर्वसाधारणपणे १० कोटींपेक्षा कमी रकमेच्या वादांपुरते ठेवा, त्यापुढे जायचे असल्यास कारणे नोंदवून वरिष्ठांची मान्यता घ्या, असा त्यांचा रोख आहे. लवाद महाग झाला, लांबला, ही तक्रार खोटी नाही. पण त्याऐवजी काय? मध्यस्थी, नाहीतर न्यायालय. मध्यस्थीत समोरच्याने ‘हो’ म्हणावे लागते, आणि ‘हो’ म्हणणाऱ्यालाच लेखापरीक्षणाची भीती. न्यायालयांची गर्दी तर सर्वांना माहीत आहे. मूळ करारातून लवाद काढून टाकणे म्हणजे पूल अरुंद आहे म्हणून तो पाडून नदी पोहून जायला सांगण्यासारखे आहे.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. निवाड्याला आव्हान दिले, तरी ७५ टक्के रक्कम बँक हमीवर (निवाडा उलटल्यास रक्कम परत करण्याच्या बँकेच्या हमीवर) कंत्राटदाराला द्यावी, हा केंद्रीय मंत्रिमंडळ समितीचा २०१६ चा निर्णय चांगलाच होता. अडचण बँक हमीची आहे. हमीसाठी बँक मार्जिन मागते, तारण मागते, आणि ज्याची बँकेतली कर्जमर्यादा आधीच संपली त्याला ती मिळत नाही. म्हणजे योजनेचा लाभ ज्याला निकडीची गरज नाही त्यालाच आधी होतो. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे: जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पण बांधकामाचे कंत्राट या कायद्यात बसते का, इथेच गाडी अडते. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला नकार दिलेला आहे. ज्या व्यवसायात उपकंत्राटदारांची साखळी सर्वांत लांब, तोच या संरक्षणाच्या उंबरठ्यावर थांबावा, हे मला अजून समजलेले नाही.

इंग्लंडमध्ये बांधकाम क्षेत्रावरील १९९४ च्या लॅथम अहवालानंतर १९९६ चा कायदा झाला आणि तो मे १९९८ मध्ये लागू झाला. ‘मला मिळाले तरच तुला’ हे कलम त्याने, वरच्या देणेकऱ्याची दिवाळखोरी वगळता, निष्प्रभ केले. पैशांचा वाद कोणत्याही टप्प्यावर स्वतंत्र निर्णायकाकडे नेता येतो आणि त्याला २८ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. तो निर्णय अंतिम नसतो, पण पाळावा लागतो: आधी पैसे द्या, मग हवे तर लवादात किंवा न्यायालयात जाऊन परत मिळवा. त्याहून परिणामकारक आहे तिथली नोटिशीची शिस्त. बिलातून रक्कम कापायची तर ठरलेल्या मुदतीत, आकड्यानिशी, कारणासह लेखी कळवायचे. न कळवल्यास मागितलेली रक्कम आधी द्यावी लागते. ‘मंजुरी प्रलंबित’ हे उत्तर तिथे चालत नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये १९९९ मध्ये, सिंगापूरमध्ये २००४ मध्ये आणि मलेशियात २०१२ मध्ये असे कायदे झाले. हाँगकाँगमध्येही तो ऑगस्ट २०२५ पासून लागू आहे.

२८ दिवसांत घाईघाईने दिलेला निर्णय चुकेल, आणि पैसे घेऊन कंत्राटदार बुडाला तर वसुली कोणाकडून, हा आक्षेप रास्त आहे. चुका होतात, तिथेही झाल्या. गुंतागुंतीचे दावे सुट्टीच्या तोंडावर टाकून समोरच्याला गाठण्याचे प्रकारही झाले. पण आज आपल्याकडे चुकीचा भार कोणावर पडतो? ज्याचे काम झाले आहे, मोजले गेले आहे आणि वापरातही आले आहे, त्याच्यावर. सार्वजनिक पैशाची काळजी वाटत असेल, तर आपल्याकडे असा कायदा आणताना तो पहिल्या टप्प्यात चालू बिले आणि अनामत यांपुरता ठेवावा. नुकसानभरपाई, बुडालेला नफा, उशिराचे दावे खुशाल लवादाकडे जाऊ द्यावेत. त्यांना पुरावा लागतो आणि वेळही.

लवाद कायद्याच्या मसुद्यावर पुन्हा चर्चा होईल, तेव्हा निदान तीन गोष्टी पटलावर याव्यात. कपातीची लेखी, मुदतबद्ध नोटीस सर्व सार्वजनिक कंत्राटांत सक्तीची व्हावी. रोखलेल्या रकमेवरचे व्याज करारातील कलमाने माफ करता येऊ नये. आणि निर्णायकाचा आदेश पाळून बिल दिले, म्हणून अधिकाऱ्यावर लेखापरीक्षणात आक्षेप घेता येणार नाही, असे कायद्यात स्पष्ट लिहावे. या तिसऱ्या गोष्टीशिवाय पहिल्या दोन कागदावर राहतील, कारण शेवटी बिलावर सही तोच करणार आहे.

आपला,
बांधकाम क्षेत्रातील एक निवृत्त बिलिंग इंजिनिअर