चेंगडूच्या बाजारातलं तिरफळ

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोन मध्येच तुटला. व्हॉट्सॲप इथे चीनमध्ये चालत नाही, इथलं वीचॅट आपल्याकडे २०२० पासून बंद, त्यामुळे आपलं बोलणं नेहमी अर्ध्यावर राहतं. आई, "नीट जेवतेस ना?" एवढंच तुझं ऐकू आलं. म्हणून आज बसून लिहितेय.

घराखालीच भाजीबाजार आहे. भाव किलोवर नसतो, 'जिन'वर असतो. एक जिन म्हणजे अर्धा किलो. आकडे मी बोटांवरून ओळखते: अंगठा आणि करंगळी ताठ म्हणजे सहा, अंगठा आणि तर्जनी म्हणजे आठ. बाबा, पैशांची काळजी नको. प्रत्येक गाळ्यावर कोड चिकटवलेला असतो, फोन धरला की झालं. अगदी तुमच्या वाण्याकडे असतं तसंच.

भाजीवालीला मी 'आयी' म्हणते. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ मावशी. चेंगडूची माणसं 'न्यांगन्यांग' म्हणतात, पण माझ्या तोंडी आयीच बसलंय, आणि सकाळी सकाळी ती हाक मारली की बरं वाटतं. भाजी घेतली की ती वर कांद्याच्या पातीच्या चार काड्या टाकते, तू बाजारात मागून घेतेस ना, तशाच. हिला मागावं लागत नाही.

बाहेर जेवायचं तर टेबलावरचा कोड स्कॅन करून फोटो बघून मागवायचं. पाणी गरमच येतं, उन्हाळ्यातसुद्धा. पहिल्या आठवड्यात भाषांतरात 'माशाच्या चवीचं वांगं' वाचून मी आनंदाने मागवलं. त्यात मासा नसतोच, माशाला लावतात तो मसाला वांग्याला लावलेला असतो. वर डुकराचा खिमा होता, तो बाजूला काढून वांगं खाल्लं. आता आधीच "बु याओ चुरौ", म्हणजे डुकराचं नको, असं सांगते. ऑफिसच्या जेवणात गोल फिरत्या टेबलावर दहा-बारा पदार्थ असतात, आणि वडीलधारी माणसं आपल्या ताटलीत वाढतच राहतात. पेला टेकवताना आपल्या पेल्याची कड त्यांच्या पेल्याच्या खाली धरायची, हा मान. जेवायच्या काड्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत, कारण मेलेल्या माणसापुढे लावलेल्या उदबत्तीसारखं दिसतं. आई, हे तुला सांगावंच लागलं नसतं.

आता खरी गोष्ट. मसाल्याच्या गाळ्यावर लालसर, फुटलेली, बारीक फळं पोत्यात भरलेली होती. एक चावून बघितलं आणि जिभेला मुंग्या आल्या. हुआजिआओ म्हणतात त्याला. वास घेतला आणि मी तिथेच उभी राहिले. तिरफळ! अगदी तेच नाही, याला लिंबाची झाक जास्त आहे, पण कूळ एकच. आतली काळी बी टाकून साल तेवढी वापरायची, हेसुद्धा तसंच. हजारो मैलांवर, समुद्राचा वाराही न लागणाऱ्या या गावात, आपल्या बांगड्याच्या कढीचा वास पोत्याने विकायला ठेवलेला असतो.

बांगडा इथल्या बाजारात मिळाला नाही. टाकीतला जिवंत गवत्या मासा घेतला, मासेवाल्याने साफ करून दिला. डब्यातलं नारळाचं दूध, तू दिलेली सोलं, आणि हुआजिआओ. काटे फार बारीक, वेळ लागला खायला. पण कढीला आपल्या घराचा वास आला. शेजारच्या आजींना वाटीभर दिली, त्यांनी वाटी परत करताना त्यात घरची लोणच्याची भाजी भरून दिली.

बाबा, तुमची गोळी वेळेवर घ्या. सर्दी उतरली का ते कळवा.

आई, कढीत तिरफळं ठेचून घालतेस की अख्खी, आणि सोलांच्या आधी की नंतर? फोनवर नीट ऐकू आलं नाही. बाबांकडून कागदावर लिहून घे आणि फोटो ईमेलवर पाठव. रविवारी परत मासा आणणार आहे.

तुमची,
बाय