चि. मीनूस

चि. मीनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोन मी आपटला, चूक माझी. पण तीन महिन्यांत तिसऱ्यांदा ताप, आणि तू म्हणतेस, "व्हायरल आहे बाबा, सगळ्यांनाच आलंय." सगळ्यांना एकदा आला, तुला तीनदा. असो. नाइट ड्युटीचं नाव काढायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय.

आजीचा दमा आठवतो? पहाटे चारला उठायचा. मांडीवर दोन उश्या घेऊन खिडकीचा गज धरून बसायची. आम्ही गारठ्याला दोष द्यायचो. परवा वाचलं, की सूज आवरणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक रात्री उतरलेलं असतं आणि श्वासनलिकाही पहाटेच जास्त आवळतात. पेशीपेशीत घड्याळ आहे म्हणे. ते कसं चालतं हे शोधणाऱ्या तिघांना 2017 चं नोबेल मिळालं. रोगाशी लढणाऱ्या तुमच्या त्या पांढऱ्या पेशीही त्याच घड्याळावर हजेरी लावतात. नर्सला कॉर्टिसॉल शिकवतोय, हसशील.

पण हे ऐकच. अमेरिकेत 164 धडधाकट माणसांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी व्हायची शक्यता सात तासांच्या वर झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. तू परवा किती झोपलीस? चार तास. मेट्रनबाईंना सांग, सलग सात नाइट लावू नका. बघ, आलोच पुन्हा तिथे. माफ कर.

"तुम्ही नाही का केली रातपाळी?" हे तुझं वाक्य लागलं मला. केली. साखर कारखान्यात बावीस हंगाम, बारा ते आठ. पट्टा पडून हंगाम संपेपर्यंत नाक गळायचं, त्याला आम्ही बगॅसची, उसाच्या चिपाडांची धूळ म्हणायचो. सकाळी घरी आलो की तुझी आई खिडकीवर गोधडी टांगायची, आणि तू चपला हातात घेऊन, दप्तर छातीशी धरून, माझ्या उशाशेजारून शाळेला जायचीस. मी जागाच असायचो. एकदा कंपासपेटी पडली तर जागच्या जागी रडायला लागलीस.

आयसीयूत आहेस, हे आळीत सगळ्यांना दोनदोनदा सांगून झालंय. आई म्हणते, आता पुरे.

तुझ्या खोलीच्या खिडकीला जाड पडदा लाव. मापं कळव, इथून शिवून पाठवतो. शनिवारच्या एसटीने डिंकाचे लाडू येतील. ड्युटीवर रात्री तीनला खात बसू नकोस, सकाळी खा.

तुझे,
बाबा