बटणांची नावं गेली, माझं रेकॉर्डिंगही गेलं

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ध्वनिमुद्रण ॲपच्या नव्या अपडेटबाबत तक्रार

महोदय,

मी जन्मापासून अंध. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीतल्या नाटक मंडळ्यांसाठी गाण्यांच्या चाली बांधतो. तुमचं ॲप दोन वर्षांपासून वापरतो आणि यंदाचे १,४९९ रुपयेही भरले आहेत. पेटी एका ट्रॅकवर, ढोलकी दुसऱ्यावर, गळा तिसऱ्यावर, हे सगळं माझं मी करतो. बोटाखाली बटण आलं की टॉकबॅक, म्हणजे फोनमधली स्क्रीन वाचून दाखवणारी सोय, त्याचं नाव वाचतं, दोनदा टिचकी मारली की ते दाबलं जातं. एवढ्यावर माझा स्टुडिओ चालत होता.

गेल्या अपडेटात तुम्ही बटणांवरचे शब्द काढून नुसती चित्रं ठेवली. ठेवा ना! पण चित्रामागे नाव लिहायचं राहिलं, आणि नाव नसलं तर टॉकबॅकने वाचायचं काय? आता ते नुसतं ‘बटण, बटण’ करतं.

शेजारच्या आजीला दोन वर्षं विनवून यंदा रोवण्याची, म्हणजे भातलावणीची, सात गाणी गाऊन घेतली होती. ‘जतन करा’ समजून टिचकी मारली, सातही गेली. पुतण्या म्हणाला, “काका, कचऱ्याचा डबा दिसून राहिला, त्याच्यावरच बोट हाय तुमचं.” खोडण्याआधी तुमच्या ॲपने एकदा विचारलंही नाही. आजीला आता दम लागतो, ती पुन्हा गायला बसायची नाही.

तुमच्या माणसाने फोनवर सांगितलं, “लाल चित्रावर दाबा आणि स्क्रीनशॉट पाठवा.” मी अंध आहे हे त्याला आधीच सांगून झालं होतं. नंतर मेल आला की दृष्टिहीनांसाठी वेगळी सोय विचाराधीन आहे. वेगळी सोय मागितली कोणी? होती ती परत द्या.

प्रत्येक बटणाला नाव द्या, खोडण्याआधी विचारणा ठेवा. गाण्यांची प्रत तुमच्या सर्व्हरवर असेल तर पाठवा, आणि उरलेल्या महिन्यांची वर्गणी परत करा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ पासून आहे, तो तुमच्या कायदा विभागाला ठाऊक असेलच. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, लागली की आमचा हंगाम सुरू होतो, मग मला वेळ नाही.

उत्तर मजकुरात पाठवा. फोटो नको.

आपला ग्राहक,
ता. देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली